झोपेच्या औषधांचा ओव्हरडोस : कोड नेमका कशावर ठरतो?

कोडवाचक (धागाकर्ता)

आमच्या गटाचं काम पेशंटच्या चार्टवरून निदानांचे कोड लावायचं. सध्या आयसीडी-१०-सीएमचे, म्हणजे आजारांना कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीच्या अमेरिकी आवृत्तीचे चार्ट येतात. गुंगीच्या औषधांच्या विषबाधेवरून त्यात जेवढी खडाजंगी होते, तेवढी दुसऱ्या कशावरूनच होत नाही. नवीन मंडळीही बरीच आली आहेत, म्हणून एकदाच सगळं मांडून ठेवतो. क्लिनिकल बाजू इथल्या डॉक्टरांनी सांभाळावी.

औषध शोधणं हा सोपा भाग. टी४२ मध्ये फिट्सची, झोपेची आणि पार्किन्सनची औषधं एकत्र बसतात. बार्बिट्युरेट टी४२.३, बेन्झोडायझेपीन टी४२.४, झोल्पिडेम, झोपिक्लोन, गॅबापेंटिन वगैरे टी४२.६. झोपेचं औषध होतं एवढंच कळतंय, नाव कुठेच नाही, तर टी४२.७. यांत पाचव्या जागी भरतीचा एक्स आणि सहाव्या जागी हेतू येतो. टी४२.७ मध्ये मात्र उलटं, हेतूचा अंक पाचव्या जागी आणि एक्स सहाव्या.

सहावं अक्षर आलं की गाडी अडते. १ अपघाताने, २ स्वतःला इजा करण्याच्या हेतूने, ३ दुसऱ्याने दिलं, ४ हेतू ठरवता येत नाही, ५ दुष्परिणाम, ६ कमी डोस. म्हणजे अल्प्राझोलाम (हे एक बेन्झोडायझेपीन) मुद्दाम जास्त घेतलेल्या पेशंटला टी४२.४एक्स२ए. शेवटचा, सातव्या जागेवरचा ए म्हणजे सक्रिय उपचार चालू. तेच औषध तेवढंच, पण विसरून दोनदा घेतलं गेलं, तर टी४२.४एक्स१ए.

आता गंमत बघा. पेशंट बेशुद्ध आला तेव्हा ईआरच्या, म्हणजे इमर्जन्सी विभागाच्या डॉक्टरला हेतू कळला काय, न कळला काय, पहिल्या तासातले उपचार तेच राहतात. त्यामुळे श्वास, बीपी, शुगर सगळं नीट नोंदवलेलं असतं आणि हेतूच्या जागी 'ड्रग ओव्हरडोस' एवढे दोन शब्द. औषधासाठी आपल्याकडे टेबल आहे, हेतूसाठी नाही. तो कुणीतरी लिहावाच लागतो.

काहीच लिहिलं नसेल तर नियम स्पष्ट आहे : हेतू अज्ञात किंवा अनिर्दिष्ट असेल तर अपघाती धरायचं. ४ कधी? 'हेतू निश्चित करता येत नाही' असं चार्टमध्ये शब्दात असेल तेव्हाच. 'मला कळत नाहीये' म्हणून ४ टाकणारे बरेच दिसतात. ते चूक. कळत नाहीये ते डॉक्टरला, असं डॉक्टरने लिहिलेलं हवं.

नवखी

धन्यवाद, वाचनखूण साठवली. एक शंका. पेशंटला अल्प्राझोलाम लिहून दिलेलं होतं, सांगितल्याप्रमाणेच घेतलं, फक्त त्या संध्याकाळी दारूही घेतली आणि गुंगीत आणलं. डोस तर बरोबर होता, मग ५, म्हणजे दुष्परिणाम, ना?

कोडवाचक

नाही हो. औषध आणि दारू यांच्या एकत्र परिणामातून जे झालं ते विषबाधेतच धरायचं, गाईडलाइनमध्ये हे थेट लिहिलंय. टी४२.४एक्स१ए आणि सोबत दारूसाठी टी५१.०एक्स१ए. तसंच, लिहून दिलेलं औषध नीट घेतलं पण वर स्वतःच्या मनाने दुसरं एखादं घेतलं आणि दोघांची टक्कर झाली, तरी विषबाधाच.

५ फक्त तेव्हा, जेव्हा औषध योग्य, मात्रा योग्य, पद्धत योग्य आणि तरीही त्रास झाला. वयस्कर पेशंटला ठरलेल्या डोसनेच झापड आली, तर आधी आर४०.०, मग टी४२.४एक्स५ए. क्रम लक्षात घ्या : दुष्परिणामात त्रास आधी, औषध नंतर. विषबाधेत उलटं, टी कोड आधी आणि जे जे झालं ते मागून.

रात्रपाळी

मी इमर्जन्सीत काम करते, क्लिनिकल बाजू माझ्याकडून.

नुसत्या बेन्झोडायझेपीनचा पेशंट बहुधा असा दिसतो : गाढ झोपलेला, बोलणं जड, उभं केलं तर तोल जातो, पण नाडी, बीपी, श्वास जवळपास ठीक. जुने शिक्षक याला 'नॉर्मल व्हायटल्सवाला कोमा' म्हणायचे. हे चित्र जुळत नसेल, म्हणजे श्वास अगदी मंदावलाय, बीपी पडलंय, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तर सोबत आणखी काहीतरी पोटात गेलंय असं धरूनच चालायचं. ओपिऑइड (अफूच्या वर्गातली औषधं), दारू, किंवा नैराश्याची जुनी ट्रायसायक्लिक औषधं.

कारण रिसेप्टरपाशी आहे. बेन्झोडायझेपीन गाबा-ए रिसेप्टरवर बसून क्लोराइडची वाट उघडण्याची वारंवारता वाढवतं, पण त्यासाठी शरीराचा स्वतःचा गाबा, म्हणजे मेंदूला शांत करणारं रसायन, लागतो. बार्बिट्युरेट वाट जास्त वेळ उघडी ठेवतं आणि मात्रा वाढली की गाबाशिवायही उघडतं. म्हणून पहिल्याच्या परिणामाला एक छत असतं, दुसऱ्याच्या नाही. बार्बिट्युरेटमध्ये श्वास थांबतो, बीपी कोसळतं, अंग गार पडतं, दाब पडलेल्या जागी कातडीवर फोड येतात. पण छत आहे म्हणून बेन्झोडायझेपीन निर्धोक असं कुणी वाचू नये. ओपिऑइड सोबत असेल तर ते छत उपयोगाचं राहत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये या जोडीसाठी सर्वात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला तो त्यासाठीच.

एक गोष्ट नव्या रेसिडेंटना मी मॉनिटरसमोर उभं करून दाखवते. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचं सॅच्युरेशन ९८ दिसतं आणि सगळे निश्चिंत होतात. त्याच वेळी कॅप्नोग्राफीची, म्हणजे श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारी रेघ बघा : श्वास उथळ, कार्बन डायऑक्साइड चढत चाललेला. ऑक्सिजनमुळे सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं राहतं, तोपर्यंत पेशंटच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. कोडिंगवाल्यांसाठीही यात माहिती आहे. असा पेशंट पुढे 'हायपरकॅप्नियासह तीव्र श्वसननिकामी' (हायपरकॅप्निया म्हणजे रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढणं) म्हणून लिहिला जातो, म्हणजे जे९६.०२, आणि सॅच्युरेशनचे आकडे चांगले दिसतात म्हणून ऑडिटवाला त्यावर बोट ठेवतो. पुरावा रक्तवायूच्या रिपोर्टात असतो, तो शोधा.

टेबलतपासनीस

रात्रपाळी ताई, जे९६ चा विषय काढलातच, तर पुढचं बोलतो. व्हेंटिलेटरवरचा पेशंट दिसला की नवीन कोडर जे९६ पहिल्या जागी टाकून मोकळा होतो. श्वसननिकामी प्रिन्सिपल डायग्नोसिस, म्हणजे पहिल्या जागी येणारं मुख्य निदान, होऊ शकतो हे खरं, पण विषबाधेच्या प्रकरणाचा स्वतःचा क्रमाचा नियम आहे आणि तो वरचढ. टी कोड पहिला. त्यामागे जे९६.०१ किंवा .०२, उलटी श्वासात गेली असेल तर जे६९.०, तासन्‌तास एकाच कुशीवर पडून स्नायू विरघळले असतील तर एम६२.८२.

शरीराचं तापमान उतरलेलं असेल तर जरा थांबा. टी६८ हा थंड वातावरणाने झालेल्या हायपोथर्मियासाठी. औषधामुळे उतरलं असेल तर आर६८.०. चार्टमध्ये 'हायपोथर्मिया' एवढंच लिहिलेलं असतं आणि इंडेक्स तुम्हाला सरळ टी६८ कडे नेतो.

आता नावांवरून फसवणाऱ्या औषधांबद्दल. 'झोपेसाठी घेतलं' म्हणून ते टी४२ मध्येच असेल असं नाही. डायफेनहायड्रामीन अ‍ॅलर्जीच्या गटात, टी४५.०. क्वेटियापीन कितीही जण झोपेसाठी घेत असोत, टी४३.५९. अ‍ॅमिट्रिप्टिलीन टी४३.०१. बॅक्लोफेन, स्नायू सैल करणारं औषध, टी४२ मध्येच पण .८ ला. औषध का घेतलं याला इथे काडीची किंमत नाही, टेबलात नाव शोधा आणि कोड टॅब्युलर लिस्टमध्ये, म्हणजे कोडांच्या क्रमवार यादीत पडताळा. दोन-तीन औषधं असतील तर प्रत्येकाचा वेगळा कोड. 'अनेक अनिर्दिष्ट औषधं' हा टी५०.९१ नावं खरोखरच नसतील तेव्हाच, आळसासाठी नाही.

रात्रपाळी

बॅक्लोफेनवरून आठवलं. त्याच्या मोठ्या ओव्हरडोसमध्ये पेशंट इतका निपचित होतो की मेंदूमृत वाटावा. बाहुल्या हलत नाहीत, रिफ्लेक्स नाहीत. औषध उतरल्यावर असे पेशंट पूर्ण शुद्धीवर आल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ब्रेन डेथच्या तपासणीआधी गुंगीची औषधं शरीरात नाहीत याची खात्री करावी लागते.

शून्यप्रहर

मूत्राच्या ड्रग स्क्रीनवर बोला कुणीतरी. आमच्याकडे 'बेन्झो पॉझिटिव्ह' दिसलं की टी४२.४ लावायची घाई होते.

विषशास्त्री

ती घाई दोन्ही बाजूंनी चुकीची. मी विषशास्त्रात काम करतो, जरा सविस्तर लिहितो.

नेहमीची स्क्रीन ही इम्युनोअ‍ॅसे, म्हणजे प्रतिपिंडांवर चालणारी झटपट चाचणी असते आणि ती प्रामुख्याने ऑक्साझेपामसारखे चयापचयातून बनणारे पदार्थ पकडते. डायझेपाम त्या वाटेने जातं म्हणून सापडतं. क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम पुष्कळदा निसटतात. झोल्पिडेम तर या चाचणीत दिसतच नाही. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन 'बेन्झो नव्हतं' असं म्हणता येत नाही. आणि पॉझिटिव्ह आला तरी तो गेल्या काही दिवसांत औषध घेतल्याचं सांगतो, आज बेशुद्ध त्याचमुळे झाला असं नव्हे. कधी कधी ते औषध अ‍ॅम्ब्युलन्समध्ये फिट थांबवायला आपणच दिलेलं असतं! वेळेची नोंद बघितल्याशिवाय त्या रिपोर्टला हात लावू नये.

उपचार या रिपोर्टवर थांबतच नाहीत. श्वासनलिका, श्वास, रक्ताभिसरण, शुगर, ईसीजी, पॅरासिटामॉलची पातळी. शेवटचे दोन लोकांना विचित्र वाटतात. ईसीजी कशासाठी, तर त्यातली क्यूआरएस लाट रुंद असेल तर ट्रायसायक्लिकचा संशय आणि सोडियम बायकार्बोनेट. पॅरासिटामॉल कशासाठी, तर ते बहुतेक घरांत असतं, मिश्र ओव्हरडोसमध्ये बरेचदा सापडतं, पहिल्या दिवशी फारशी लक्षणं दाखवत नाही, आणि वेळेत अ‍ॅसिटिलसिस्टीन दिलं तर यकृत वाचतं. झोपलेल्या पेशंटकडून हे कळणार नाही, रक्तातूनच कळेल.

टेबलतपासनीस

कोडरच्या बाजूने एवढंच : लॅब रिपोर्टवरून निदान आपण लावायचं नसतं. डॉक्टरने लिहायचं, आपण वाचायचं.

नवखी

बेन्झोडायझेपीनला उतारा आहे ना, फ्लुमाझेनिल? मग तो सर्रास का देत नाहीत?

विषशास्त्री

आहे, आणि तो तसा साधासरळही आहे : त्याच जागेवर बसतो आणि बेन्झोडायझेपीनला हुसकावतो. झोल्पिडेमवरही चालतो. अमेरिकेत १९९१ पासून मान्यता आहे. पण ज्याचं शरीर वर्षानुवर्षं या औषधावर आहे, त्याला तो दिला तर क्षणात विथड्रॉवल, म्हणजे औषध एकदम तुटल्याचा त्रास, आणि फिट्स. आणि आता फिट थांबवायचं आपलं पहिलं हत्यार कोणतं? बेन्झोडायझेपीनच, ज्याची जागा आपण नुकतीच अडवली. पोटात ट्रायसायक्लिक असेल तर धोका आणखी. शिवाय फ्लुमाझेनिलचं अर्धायुष्य साधारण तासाभराचं, तर डायझेपामपासून शरीरात बनणारा सक्रिय मेटाबोलाइट कित्येक दिवस राहतो. पेशंट उठतो, बोलतो, नातेवाईक सुस्कारा सोडतात आणि थोड्या वेळाने पुन्हा गुंगी.

त्यामुळे तो उरतो तो प्रोसिजरसाठी आपणच दिलेली गुंगी उतरवायला, किंवा ज्याने हे औषध कधी घेतलेलंच नाही अशा लहान मुलाने चुकून खाल्लं तर. नालोक्झोनचं, म्हणजे ओपिऑइडच्या उताऱ्याचं तसं नाही. ओपिऑइडचा संशय असेल तर तो द्यायला कचरू नये. बेन्झोडायझेपीनवर मात्र तो काहीच करत नाही.

जुनापुराणा

उताऱ्यावरून इतिहास आठवला. बार्बिट्युरेटच्या काळात, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत, बेशुद्ध पेशंटला 'जागं' करायला पिक्रोटॉक्सिन, अ‍ॅम्फेटामीनसारखी उत्तेजक औषधं टोचायचे. फिट्स यायच्या, हृदयाची लय बिघडायची. कोपनहेगनच्या बिस्पेबियर्ग रुग्णालयात १९४९ मध्ये खास विषबाधेचं केंद्र सुरू झालं आणि क्लेमेसन व निल्सन यांनी हा प्रकारच बंद केला. उत्तेजकं नाहीत, पोट धुण्याचा आग्रह नाही. श्वासनलिका मोकळी ठेवा, श्वास चालवा, बीपी सांभाळा, कूस बदलत राहा आणि औषध उतरायची वाट बघा. मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं ते १ ते २ टक्क्यांवर आलं. १९६१ मध्ये त्यांनी हे सविस्तर छापलं, 'स्कँडिनेव्हियन पद्धत' म्हणून ते आजही ओळखलं जातं. नवं औषध न आणता, असलेली काढून घेऊन एवढा फरक पडल्याची उदाहरणं वैद्यकात थोडीच असतील.

रात्रपाळी

वा! आजही गाभा तोच आहे. सक्रिय कोळसा, जो पोटातलं औषध शोषून घेतो, पहिल्या तासाभरात आणि पेशंट जागा असेल किंवा श्वासनलिका सुरक्षित असेल तरच. झोपाळलेल्याच्या तोंडात कोळसा ओतला तर तो फुप्फुसात जातो. फिनोबार्बिटलसाठी कोळशाचे वारंवार डोस आणि गंभीर असेल तर हिमोडायलिसिस, एवढाच काय तो अपवाद.

आणि ट्यूब टाकण्याबद्दल. 'जीसीएस ८ म्हणजे इन्ट्युबेट', म्हणजे शुद्धी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर ८ आले की श्वासनलिकेत ट्यूब टाका, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. मुळात ती स्केल ग्लासगोमध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडली, आणि डोक्याच्या मारात तिचा जम बसला. विषबाधेत ते सूत्र जसंच्या तसं चालत नाही. फ्रान्समधल्या निको नावाच्या चाचणीत (२०२३) विषबाधेने कोमात गेलेल्या पेशंटना, तातडीचं कारण नसेल तर, ट्यूब न टाकता बारीक लक्ष ठेवलं. त्यांचे निकाल सर्रास ट्यूब टाकणाऱ्यांपेक्षा चांगले निघाले. लक्ष ठेवायला माणूस हवा, ही त्यातली मेख.

शून्यप्रहर

जीसीएसचे आर४०.२ वाले कोड लावताना एक बघा : उपचारासाठी गुंगी दिलेल्या पेशंटचा स्कोअर कोड करायचा नसतो. ट्यूब टाकताना औषधं दिल्यावरचा '३' उचलू नका, त्याआधीचा शोधा.

सहजवाचक

मी या क्षेत्रातला नाही. घरी वडिलांना झोपेची गोळी चालू आहे म्हणून हा धागा उघडला. साधारण किती गोळ्यांपर्यंत काळजीचं कारण नसतं?

रात्रपाळी

दादा, असा आकडा नसतो आणि असता तरी इथे दिला नसता. वय, वजन, फुप्फुसं, यकृत, घोरण्याचा आजार, सोबतची औषधं, सवय, दारू : यातल्या एकानेही हिशेब उलटतो. ठरलेल्यापेक्षा जास्त घेतलं गेलंय असं वाटलं, की लक्षणांची वाट न बघता आपत्कालीन सेवेला किंवा विषबाधा माहिती केंद्राला फोन. माणूस झोपाळला असेल तर एका कुशीवर ठेवायचं, एकटं सोडायचं नाही, उलटी करवायची नाही, कॉफी पाजायची नाही, 'झोपू दे, उतरेल' तर अजिबात म्हणायचं नाही. घोरण्यासारखा खरखर आवाज म्हणजे गाढ झोप नाही, श्वासनलिका अडतेय. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, रिकामीसुद्धा.

आणि घरात कुणी मुद्दाम जास्त घेईल अशी शंका जरी असेल, तरी त्या व्यक्तीला सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही. गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा, डॉक्टरांकडून थोड्या थोड्या लिहून घ्या आणि लगेच मदत मिळवा.

सहजवाचक

कळलं. वडिलांचा प्रश्न विसरून दोनदा घेण्याचा आहे, वारांचे खण असलेली डबी आणतो. आभार.

नवखी

उलट बाजूचं काय? क्लोनाझेपाम स्वतःहून बंद केलं आणि फिट आली, असा चार्ट आहे.

कोडवाचक

तिथे सहावं अक्षर ६, टी४२.४एक्स६ए. पण कमी डोसचा कोड कधीही पहिल्या जागी येत नाही. आधी जे झालं ते. डॉक्टरने अवलंबित्व आणि विथड्रॉवल लिहिलं असेल तर एफ१३.२३ च्या घरात, मग ६ वाला, मग औषध का घेतलं नाही त्याचा झेड९१.१ मधला कोड. विषबाधेच्या चार्टमध्येही अवलंबित्वाचं निदान असेल तर एफ१३ जोडायचाच, टी कोड असला म्हणून तो गळत नाही.

जुनापुराणा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० वर काम करणाऱ्यांसाठी : तिथे हेतू टी कोडच्या पोटात नसतो. टी४२.४ वेगळा आणि बाह्य कारणाचा कोड वेगळा. अपघाती असेल तर एक्स४१, हेतुपुरस्सर एक्स६१, अनिश्चित वाय११. मृत्यूच्या नोंदीत मूळ कारण म्हणून एक्स किंवा वाय कोडच जातो, त्यामुळे हेतूची एक ओळ राहिली तर थेट मृत्यूची आकडेवारी बदलते. आयसीडी-११ १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिथे तर कोड एकमेकांना जोडून पूर्ण चित्र उभं करायचं असतं.

शून्यप्रहर

हेतू विचारायला डॉक्टरला क्वेरी कशी लिहिता? आमच्या क्वेऱ्या 'लीडिंग', म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या, म्हणून परत येतात.

टेबलतपासनीस

'पेशंटने आत्महत्येचा प्रयत्न केला असं दिसतं, कृपया पुष्टी करावी' असं लिहिलंत तर परत येणारच. चार्टमधली तथ्यं ठेवा आणि पर्याय द्या. माझा मसुदा असा असतो :

'ईआर नोंदीत "बेन्झोडायझेपीन ओव्हरडोस" असं आहे. नर्सिंग नोंदीत पेशंटने "मला सगळं संपवायचं होतं" असं सांगितल्याचा उल्लेख आहे. डिस्चार्ज समरीत हेतूचा उल्लेख नाही. आपल्या वैद्यकीय मतानुसार परिस्थिती नमूद करावी : अपघाती / स्वतःला इजा करण्याच्या हेतूने / दुसऱ्या व्यक्तीकडून / हेतू निश्चित करता येत नाही / अन्य.'

मानसोपचार तज्ज्ञाची नोंद दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते आणि हेतू बहुतेक वेळा तिथेच सापडतो. क्वेरी टाकण्याआधी ती वाचा. ती आणि ईआरची नोंद एकमेकींच्या विरुद्ध असतील तर मुख्य डॉक्टरला विचारायचं, आपण पंच व्हायचं नाही.

शून्यप्रहर

मसुदा उचलला. शेवटचं एक : पेशंट एका हॉस्पिटलमधून दुसऱ्याच्या आयसीयूत हलवला. दुसऱ्या ठिकाणी सातवं अक्षर डी, म्हणजे नंतरची भेट, ना?

कोडवाचक

ए-च. सातवं अक्षर कितवी भेट हे सांगत नाही, सक्रिय उपचार चालू आहेत का एवढंच सांगतं. आयसीयूत ते चालूच आहेत.